भूमिका-खेळांतील उच्च श्रेणीचे प्रयोजन

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांचा आरंभ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून मानला जातो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते होत. या खेळात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका स्वीकारतो; एक जण सूत्रधार होऊन भोवतीचे जग, त्यातील संकटे व इतर पात्रे उभी करतो; आणि पात्राने योजिलेली कृती साधली की फसली, याचा निर्णय पुष्कळदा फाशावर सोपविला जातो. अनुभव साचत जाईल तसतसे पात्र वरच्या श्रेणीस चढते. 2014 साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत अशा वीस श्रेण्या असून त्यांचे चार टप्पे कल्पिले आहेत. पहिल्या टप्प्यातील पात्रे एखाद्या गावाचे रक्षण करतात. शेवटच्या टप्प्यातील पात्रांच्या कृतीवर सबंध जगाचे भवितव्य अवलंबून असते.

या शेवटच्या टप्प्याविषयी खेळणाऱ्यांमध्ये तीव्र मतभेद आढळतो. आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला, आकडेमोड इतकी वाढते की एका लढाईत सारी संध्याकाळ खर्ची पडते. दुसरा, पात्रे इतकी समर्थ होतात की भयाला जागाच उरत नाही. तिसरा, सूत्रधाराने परिश्रमपूर्वक रचलेली योजना एका मंत्राने कोलमडते. तेराव्या श्रेणीचा मांत्रिक क्षणार्धात दूरदेशी पोचू शकतो, आणि मग वाटेवरील अरण्ये व घाट रचण्याचे प्रयोजन राहत नाही. म्हणून खेळ मधल्या श्रेणीतच आटोपावा, असे पुष्कळांस वाटते.

पहिला आक्षेप मान्य करण्यास हरकत नाही; तो रचनेचा दोष आहे आणि रचनेनेच दूर करावयाचा आहे. उरलेल्या दोन आक्षेपांच्या मुळाशी मात्र एक गृहीत दडलेले दिसते. सामर्थ्याच्या अभावातूनच नाट्य निर्माण होते, हे ते गृहीत होय. ते तपासून पाहिले पाहिजे.

खालच्या श्रेणीत पात्रापुढील प्रश्न ‘हे मला साधेल काय?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर फासा देऊ शकतो. वरच्या श्रेणीत बहुतेक गोष्टी साधण्याजोग्या होतात. तेव्हा ‘हे मी करावे काय?’ हा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर कोणताही फासा देत नाही. मृत्यूचेच उदाहरण घ्यावे. पाचव्या आवृत्तीत नवव्या श्रेणीपासून मृतास उठविण्याचा मंत्र उपलब्ध होतो. परंतु मृताचा आत्मा परत येण्यास राजी असला पाहिजे, अशी अट नियमातच घातलेली आहे. येथे मृत्यूची भीती ओसरते हे खरे. पण ज्याने सुखाने देह ठेवला त्यास परत बोलावण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो. सतराव्या श्रेणीस मिळणाऱ्या इच्छापूर्तीच्या मंत्राची गोष्टही अशीच आहे. दुसऱ्या एखाद्या मंत्राचे अनुकरण करण्यापलीकडे त्याचा उपयोग केल्यास तो पुन्हा कधीही न साधण्याचा संभव शेकडा 33 इतका असतो. शिवाय मागणीच्या शब्दांचा काटेकोर अर्थ लावून ती उलटविण्याची सूत्रधारास मोकळीक असते. तात्पर्य, मागणाऱ्यास आपल्याला नेमके काय हवे आहे हे प्रथम ठरवावे लागते.

खेळाच्या आद्य कर्त्यांसही ही जाणीव होती असे दिसते. 1974 च्या नियमांतच वरच्या श्रेणीच्या योद्ध्याने किल्ला बांधावा, भोवतालचा मुलूख आपल्या अमलाखाली आणावा व प्रजेकडून करवसुली करावी, अशी तरतूद आहे. पुढे फ्रँक मेंट्झर यांनी 1983 ते 1986 या काळात सिद्ध केलेल्या पाच संचांत हा चढ स्पष्ट दिसतो. पहिल्या संचात भुयारे, दुसऱ्यात अरण्ये, तिसऱ्यात राज्यकारभार, असे करीत चौथ्यात पात्र छत्तिसाव्या श्रेणीस पोचते, आणि पाचवा संच तर अमरत्व पावलेल्यांसाठीच आहे.

या विचाराला अगदी जवळचा असा दाखला अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, सापडतो. गोदावरीकाठच्या पुणतांबे येथे चांगदेवांची समाधी आहे. आख्यायिकेतील चांगदेव योगबलाने चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर आरूढ होऊन हाती सर्पाचा चाबूक घेणारे सिद्ध पुरुष होत. भूमिका-खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांची श्रेणी अखेरची. तरीही ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसल्यावर मायना काय घालावा, हेच त्यांस उमगेना. वडील म्हणावे तर ज्ञानदेव वयाने लहान, चिरंजीव म्हणावे तर ज्ञानाने थोर. अखेर कागद कोराच धाडला गेला, आणि त्याचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ सिद्ध झाली. कथेचे सारे नाट्य सामर्थ्य पूर्ण झाल्यावरच सुरू होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नवशिक्या योग्याच्या कोऱ्या कागदाची कथा कोणी सांगत बसले नसते.

त्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मोक्षपट नामक सोंगट्यांच्या खेळाचे कर्तृत्वही परंपरा ज्ञानदेवांकडेच देते. ती परंपरा म्हणूनच स्वीकारावी. या कुळातील बहात्तर घरांच्या वैष्णव ज्ञानचौपडीची प्रचलित मांडणी येथे विशेष उपयोगी पडते. तिच्यात वैकुंठाचे घर अखेरचे नसून अडुसष्टावे आहे. नेमके दान न पडल्यास खेळाडू त्याच्याही वर जातो. आणि बहात्तराव्या, म्हणजे तमोगुणाच्या, घरातील सर्प त्यास एकावन्नाव्या घरी, पृथ्वीवर, आणून सोडतो. तेथून तीन घरांवर भक्तीची शिडी आहे, आणि ती थेट वैकुंठास पोचते. सर्वांत उंच घर हे सर्वांत इष्ट घर नव्हे, हा विचार पटाच्या मांडणीतच गोविलेला आहे.

मात्र साम्य ताणू नये. ज्ञानचौपडीत खेळाडूस निवड नाही; कवड्या वा फासे नेतील तेथे जावयाचे. भूमिका-खेळात निवड हेच सर्वस्व आहे. जे तत्त्व पटावर चित्ररूपाने दाखविले जाते, ते येथे खेळाडूस स्वतःच्या निर्णयाने अनुभवावे लागते. म्हणूनच उच्च श्रेणी वगळली असता खेळाचा एक महत्त्वाचा विषयच गळून पडतो.

यावरून एक अट निष्पन्न होते. उच्च श्रेणीचे मूल्य ती चढून आलेल्या पात्रासच लाभते. विसाव्या श्रेणीचे पात्र आयते घेऊन बसणाऱ्या खेळाडूच्या हाती केवळ सामर्थ्याची यादी येते. ज्या गावाचे त्याने पहिल्या श्रेणीत रक्षण केले, ज्या सोबत्याला गमावले, ज्याला दिलेला शब्द अपुरा राहिला, त्यांची स्मृती त्याच्यापाशी नसते. आणि ‘हे मी करावे काय?’ या प्रश्नाला वजन येते ते या स्मृतीमुळेच. सूत्रधारानेही वरच्या श्रेणीत अधिक बलाढ्य राक्षस शोधीत बसू नये. पात्रांच्या पूर्वीच्या कृतींची फळे त्यांच्यासमोर आणून ठेवावीत. बांधलेल्या किल्ल्याच्या दारी फिर्याद घेऊन आलेला शेतकरी तेथे राक्षसाहून अधिक कामाचा ठरतो.

कथनशास्त्राच्या वा नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने या खेळांकडे पाहताना आरंभीच्या साहसांवरच दृष्टी खिळवून ठेवली, तर त्याच्या हाती अर्धेच साहित्य लागेल. सामर्थ्य कसे मिळते हे खालच्या श्रेण्या सांगतात. ते मिळाल्यावर माणूस काय करतो, हे पाहावयाचे असेल तर खेळ अखेरपर्यंत खेळला गेला पाहिजे.