एक कारागीर, दोन गाड्या

मराठीच्या मास्तराने इटालियन मोटारींवर लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण जुन्या पोथ्या धुंडाळणारा आणि जुन्या मोटारी जमविणारा, या दोघांचे वेड एकच. अस्सल कोणती आणि नक्कल कोणती, या विवंचनेने दोघांचीही झोप उडते!

फेरारी २५० जीटीओ आणि लॅम्बोर्गिनी मिउरा या दोन गाड्यांचेच पाहा. जीटीओ जन्मली शर्यतीसाठी. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ गाड्या तयार झाल्या. तीन लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन पुढे. आत ऐषआरामाचे नाव नाही, वेगदर्शक काटासुद्धा नाही!

मिउराचा थाट निराळा. ट्रॅक्टरचे कारखानदार फेर्रुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी ती १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली. इंजिन याही गाडीला बारा सिलिंडरांचे, पण जवळजवळ चार लिटरचे. आणि बसविलेले चालकाच्या पाठीमागे, तेही आडवे. दिव्यांभोवती काळ्याभोर पापण्या! रूपगर्वितेला खोडही होती. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत आली की भरधाव वेगात गाडीचे नाक वर उचलू लागे. १९७३ पर्यंत अशा साडेसातशेहून अधिक गाड्या निघाल्या.

गंमत अशी की, दोघींच्या मुळाशी एकच माणूस आहे. जीटीओची प्राथमिक घडण ज्योत्तो बिझारिनी या अभियंत्याची. १९६१ साली काही सहकाऱ्यांसह तो फेरारीतून बाहेर पडला आणि त्याने लॅम्बोर्गिनीसाठी बारा सिलिंडरांचे इंजिन आखून दिले. त्याचीच वाढलेली आवृत्ती मिउराच्या पोटात आहे.

मग संग्राहकाने पारख करावी कशी? २०१८ साली कॅलिफोर्नियात एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. तिचा मूळचा पत्र्याचा साज १९६४ सालीच बदललेला होता. पण बदल त्या काळातला, कारागीर स्कालियेत्तीच, आणि चासीही तीच. वेष्टन बदलले म्हणून पोथीची संहिता बदलत नाही, तसेच हे. उलट, १९७१ साली निघालेल्या मिउरा एसव्हीला पापण्या नव्हत्या. पुढे काही हौशी मालकांनी आपल्या जुन्या मिउरांनाही एसव्हीचा साज चढविला. पापण्या उतरविल्या म्हणून गाडी एसव्ही होत नाही! चासीचा नि इंजिनाचा क्रमांक आणि कारखान्याचे दप्तर जुळले, तरच ती अस्सल.

दोहोंत थोर कोणती? दुर्मिळतेत जीटीओच. पण पुढे इंजिन असलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या वैभवाचा तो अखेरचा काळ होता. उलट, इंजिन पाठीशी घेऊन रस्त्यावर धावणाऱ्या वेगवान गाड्यांची वाट मिउराने रुळविली. दोन्हींपैकी एकही घेण्याची माझी ऐपत नाही. पण निवडायला पैसे पडत नाहीत. मी मिउराच निवडीन!