दीर्घिकासमूहांचा तराजू

माल तोलण्याआधी तराजू पारखून घ्यावा, हे व्यापाराचे पहिले पथ्य. विश्वातील सर्वांत अवजड वस्तू तोलणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनाही ते पाळावे लागते.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका होय. अशा शेकडो, कधी हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या, की त्यांचा समूह होतो. 1933 साली फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहाचा हिशेब मांडला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. न दिसणारे द्रव्य तेथे विपुल असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला.

या ताळेबंदातील आणखी एक मोठी रक्कम पुढे क्ष-किरणांनी उघड केली. हे किरण पृथ्वीचे वातावरण भेदून खाली येत नाहीत. त्यासाठी उपग्रहच हवा. 12 डिसेंबर 1970 रोजी केनियाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या ‘उहुरू’ने दाखवून दिले, की दीर्घिकासमूह क्ष-किरणांत उजळलेले असतात. दीर्घिकांमधील अवकाश कोट्यवधी अंश तापलेल्या अतिविरळ वायूने भरलेला आहे.

हा वायूच शास्त्रज्ञांचा तराजू ठरला. एका पारड्यात वायूचा दाब, जो त्याला बाहेर पसरवू पाहतो; दुसऱ्यात समूहाचे गुरुत्वाकर्षण, जे त्याला आत ओढते. वायूचे तापमान व घनता क्ष-किरणांवरून कळते आणि त्यावरून एकूण वजन निघते. हिशेब असा : तारे शंभरात पाच भागांहूनही कमी, वायू सुमारे बारा ते पंधरा भाग, आणि उरलेले सारे अदृश्य द्रव्य. रात्रीच्या आकाशात जे आपल्याला दिसते, ते या ताळेबंदातील सर्वांत लहान रक्कम आहे.

परंतु तराजूत पासंग असेल तर? वायू शांत आहे, हे येथे गृहीत धरलेले असते. तो आतून ढवळत असेल, तर त्या खळबळीचाही दाब असतो. तो हिशेबात धरला नाही, तर वजन कमी भरते. शंका निराधार नव्हती. सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ययाती समूहाच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याने वायूत फुगवलेले महाकाय बुडबुडे ‘चंद्रा’ दुर्बिणीने टिपले होते.

पारख करण्याची जबाबदारी जपानच्या ‘हितोमी’वर आली. 17 फेब्रुवारी 2016 रोजी तो अवकाशात गेला. निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या 0.05 अंशावर थंड केलेल्या त्याच्या शोधकाने ययातीच्या वायूतील लोहाच्या क्ष-किरणरेषा किती रुंदावल्या आहेत, हे मोजले. रेषा जितकी रुंद, तितकी खळबळ जास्त.

26 मार्चला संपर्क तुटला. उपग्रहाची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत गफलत झाली, ती सुधारण्यासाठी चुकीच्या मापांनी झोत सोडले गेले आणि तो गरगर फिरून मोडला. अनेक वर्षांची मेहनत जेमतेम पाच आठवड्यांत संपली.

मात्र ययातीची नोंद तोवर हाती आली होती. वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे 164 किलोमीटर भरला. आकडा मोठा वाटतो. तरी या खळबळीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या अवघा 4 टक्के होता. समूहाच्या मध्यभागी तरी तराजू खरा ठरला.

ही परीक्षा एकाच समूहाच्या गाभ्याची होती. बाहेरच्या कडांवर नवे द्रव्य अजून येऊन कोसळत असते. तेथे पासंग अधिक असू शकतो. म्हणून त्याच जातीचा शोधक घेऊन ‘क्रिझम’ हा उपग्रह 7 सप्टेंबर 2023 रोजी जपानमधूनच रवाना झाला. दीर्घिकासमूहांच्या वजनांवरून शास्त्रज्ञ साऱ्या विश्वातील द्रव्याचा अंदाज बांधतात. येथे काट्यात राहिलेली चूक त्या मोठ्या वहीतही उतरेल. म्हणूनच एक उपग्रह गमावल्यावरही ही पारख सोडून देता आली नाही.