‘जेपर्डी’ : एका डावाची शब्दकथा

इंग्रजीतील ‘जेपर्डी’ हा शब्द आज ऐकणाऱ्याच्या मनात केवळ संकटाची चाहूल उभी करतो. जीव, अब्रू अथवा मालमत्ता धोक्यात असणे, एवढाच त्याचा रूढ अर्थ. त्याचे कूळ मात्र भयाचे नव्हे, खेळाचे आहे.

जुन्या फ्रेंच भाषेत ‘ज्यू पार्ती’ म्हणजे विभागलेला, उभय पक्षांना सारखी संधी देणारा डाव. तेराव्या शतकात उत्तर फ्रान्समधील आरास नगरीत आदाम द ला आल आदी कवी याच नावाचा काव्यविवाद रचीत. एकाने दोन पर्याय मांडावेत, दुसऱ्याने त्यांतील एक उचलावा आणि उरलेल्याची बाजू पहिल्याने लढवावी, अशी त्याची रीत. बुद्धिबळातील कूटस्थितीलाही हेच नाव होते. चौदाव्या शतकात चॉसरने ‘बुक ऑफ द डचेस’ या काव्यात, दैवाशी बुद्धिबळ खेळून हरलेल्या सरदाराच्या तोंडी हा शब्द त्याच अर्थाने घातला आहे.

जेथे जय-पराजयाची शक्यता समसमान, तेथे निकाल अनिश्चित. आणि अनिश्चिततेत मनुष्याला लाभापेक्षा हानीच आधी दिसते. अशा रीतीने जयाचा अंश गळाला व शब्दात धोका तेवढा उरला.

पुढे कायद्याने त्याला आश्रय दिला. एकाच अपराधासाठी कोणासही दोनदा ‘जेपर्डी’त लोटू नये, हे तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पाचव्या दुरुस्तीने आले. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये हा शब्द नाही. परंतु एकाच अपराधाबद्दल दुसऱ्यांदा खटला व शिक्षा होण्यापासून तेथे संरक्षण आहे. निर्दोष सुटलेल्यालाही, तो निर्णय कायम असेतो, फौजदारी प्रक्रियेचा कायदा असेच संरक्षण देतो.

या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘धोका’ शब्दाला कपटाचा वास आहे. ‘जोखीम’ अधिक जवळची. पण प्रवासात अंगावर जोखीम बाळगू नये असे आपण म्हणतो, तेव्हा रोख वा दागिने अभिप्रेत असतात. आमच्या मते ‘पणास लागणे’ हाच खरा प्रतिशब्द होय. कारण तोही द्यूतातूनच आला आहे. महाभारतात एकदा सुटलेल्या पांडवांना अनुद्यूतासाठी वाटेतून परत बोलावले गेले. त्या दुसऱ्या बोलावण्यातला अन्याय ज्याला जाणवतो, त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.