परदेशी अजगरालाही कागद लागतो

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी माहीत नाही असा माणूस आष्टा परिसरात शोधूनही सापडायचा नाही. जिवंत नाग पकडून मिरवण्याची तिथली प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशांनी थांबली. 2025 मध्ये केंद्र सरकारने 21 जणांना नाग पकडायला परवानगी दिली, तीही केवळ शैक्षणिक कारणासाठी. देशी साप घरात ठेवता येत नाही, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. परदेशी प्राण्यांबाबत मात्र भलताच समज आहे. आपला वन्यजीव कायदा इथल्या प्राण्यांसाठी, आफ्रिकेतल्या अजगराला तो कुठून लागणार?

काही वर्षांपूर्वीपर्यंत या समजात बरंच तथ्य होतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023पासून ती लागू झाली. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती त्यामुळे कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. हौसेने पाळला जाणारा बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना त्यातच मोडतात. फेब्रुवारी 2024च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. आधीपासून पाळलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. आता प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा. प्राण्याला पिल्लं झाली, तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. ऑस्ट्रेलियातला बियर्डेड ड्रॅगन साइट्सच्या यादीत नाही. पण तोही परवान्याशिवाय देशात आणता येत नाही.

एवढी कडक व्यवस्था कशासाठी, ते मुंबई विमानतळावर दिसतं. जून 2025च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना 44 इंडोनेशियन पिट व्हायपर, 3 स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर आणि 5 कासवं सापडली. साप विषारी, आणि तेही बॅगेत कोंबलेले!

सर्वांत जास्त फसगत होते ती कासवांच्या बाबतीत. काचेच्या टाकीत पोहणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रुपयाएवढं हिरवं पिल्लू म्हणजे मूळचा अमेरिकेतला रेड-इअर्ड स्लायडर. हेच पिल्लू वाढून जवळजवळ फूटभर होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. टाकी अपुरी पडली की लोक ते तळ्यात सोडतात. तिथे ते देशी कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. कासवांमुळे साल्मोनेलाचा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने 1975 सालीच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. ‘लकी’ म्हणून विकलं जाणारं स्टार कासव तर आपलंच, पहिल्या अनुसूचीतलं. ते बाळगल्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25 हजारांचा दंड होऊ शकतो.

तेव्हा परदेशी सरडा किंवा साप घ्यायचाच असेल, तर पैसे देण्याआधी त्याचे कागद बघा. विकणारा ‘कागदाचं नंतर बघू’ म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. आणि घरातला स्लायडर डोईजड झाला, तर कृष्णेत किंवा वारणेत सोडू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.