रेघ आधी, अक्षर नंतर

पावसाळा सरून पंधरा दिवस झाले असतील. डहाणूलगतच्या सरावलीहून आत पाड्यांच्या बाजूला निघालो होतो. वाटेत एका घराच्या अंगणात चारेक वर्षांची मुलगी ओलसर मातीत काडीने काहीतरी रेखाटत बसली होती. एक गोल, त्यातून थेट खाली आलेल्या दोन रेघा आणि बाजूंना काटक्यांसारखे हात. ‘काय काढलंस गं?’ म्हणून विचारले. तिने मान वर न करता सांगितले, ‘आई.’ मग त्या गोलावर आणखी एक लहानसा गोल काढला आणि म्हणाली, ‘हा हंडा.’

त्याच दुपारी, तिथून बऱ्याच लांबच्या एका बालवर्गात जाण्याचा योग आला. चित्रकलेचा तास चालू होता. वीस-पंचवीस मुले आणि प्रत्येकापुढे झेरॉक्स केलेला एकसारखा कागद. कागदावर सफरचंद, द्राक्षांचा घोस आणि धुराडे असलेले घर. सफरचंद लाल रंगवायचे, पान हिरवे, आणि रंग रेघेबाहेर जाता कामा नये. एका मुलाने सफरचंद निळे केले होते. ‘असं असतं का कुठे?’ असे बाईंनी विचारल्यावर तो गोंधळला. खिडकीबाहेर चिकूची झाडे लगडलेली होती. सफरचंदाचे झाड त्याने कशाला पाहिले असणार?

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याच्या अखेरीस हे कागद पालकांना दाखवायचे असतात आणि पालकांना नीटनेटका कागद हवा असतो. पण हे दृश्य नेमके डहाणू तालुक्यात पाहावे लागावे, याची रुखरुख मात्र लागून राहिली. कारण लहान मुलाच्या हाताला काय द्यावे, याचा विचार या मातीत फार पूर्वी आणि फार खोलवर झालेला आहे.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. माँटेसोरींची पद्धत त्यांना पटलेली होती, पण तिची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. अनुताई वाघ बोर्डीला त्यांना येऊन मिळाल्या. योगायोग असा, की याच वर्षी या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरत होत्या. ज्या घरातला बाप जमीनदाराकडे वेठीला जातो, त्या घरातले मूल बालवाडीच्या इमारतीत कसे यावे? ते आले नाहीच. तेव्हा या दोघींनी बालवाडी उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेची केंद्रे आज याच नावाने ओळखली जातात. पुढे, १९५६-५७च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली; गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षक जाऊ लागले.

महागड्या साधनांच्या जागी या शाळांत आली ती पाने, बिया, शिंपले, दगड आणि माती. बियांच्या ओळी लावताना गणित झाले, पाने आकारानुसार लावताना निरीक्षण झाले, मातीचे बैल वळताना बोटांना बळ आले. ही काटकसर तर होतीच, पण तेवढीच नव्हती. ज्या वस्तू मुलाने जन्मापासून हाताळल्या आहेत, त्यांच्याबद्दल त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. सफरचंदाबद्दल ते काय सांगणार?

मुलाच्या चित्रालाही एक क्रम असतो आणि तो कुणी शिकवावा लागत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल नुसते गिरगटते. हात फिरला की खूण उमटते, याचाच त्याला आनंद असतो. तीनच्या आसपास एक दिवस रेघ फिरून सुरुवातीला येऊन मिळते आणि गोल तयार होतो. त्या गोलाला दोन डोळे मिळतात, मग पाय फुटतात. धड नंतर येते. वाटेतल्या त्या मुलीची ‘आई’ नेमकी याच टप्प्यावर होती. ‘पोट कुठे आहे?’ असे तिला विचारणे म्हणजे रांगणाऱ्या मुलाला धावायला सांगणे. गोल, उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ एवढ्यावर हात बसला की ‘व’ आणि ‘क’ फार दूर राहत नाहीत. अक्षरांची घाई झालेल्या पालकांनी हे ध्यानात घेतले, तर चित्राचा तास वाया गेला असे त्यांना वाटणार नाही.

आणि गोल, त्रिकोण, चौकोन यांवरच तर वारली चित्रकला उभी आहे. लग्नघरी शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसते. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. ही कला कुठल्या वर्गात शिकवली गेली नाही. पोरे भोवती बसून पाहत आली आणि पाहता पाहता त्यांचा हात वळत गेला. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ती कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोहोचले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांच्या लहानपणाची एक हकिकत सांगतात. आई गेल्यावर हे मूल बोलेनासे झाले आणि जे सांगायचे ते धुळीत चित्र काढून सांगू लागले. त्या मुलापुढे कुणी रंग भरायचा छापील कागद ठेवला असता, तर त्याने आपले दुःख कुठल्या रेघेत मांडले असते?

इथे आणखी एक सापळा आहे. सफरचंद काढून टाकून त्याजागी वारली चित्राचा छापील साचा दिला, की आपण मोठे काम केले असे वाटू लागते. पण दोन त्रिकोणांचा माणूस तीन वर्षांच्या मुलाकडून गिरवून घेणे ही तीच चूक आहे, फक्त वेष देशी. तारपा वाजतो तेव्हा फेर धरणारी माणसे त्या मुलाने पाहिलेली असतात. त्याला तो फेर अंगणात धरू द्यावा, नंतर हाती कोळसा द्यावा आणि जे उमटेल ते उमटू द्यावे.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आणि खेळ व कला यांना त्यात मानाचे स्थान दिले. चांगलेच झाले. पण पोषण आहार, वजने, लसीकरण आणि नोंदी यांत बुडालेल्या अंगणवाडीताईला मुलाच्या चित्राकडे पाहायला दहा मिनिटे मिळाली नाहीत, तर धोरण कागदावरच राहील. वस्तू फारशा लागत नाहीत. गेरू, कोळसा, चुना भिजवलेले भांडे नव्हे तर पिठाचे पाणी, ओली माती, हाताच्या उंचीवर सारवलेली भिंत. लागतो तो वेळ, आणि मोठ्या माणसाच्या तोंडी एक साधा प्रश्न. ‘हे काय काढलंस?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचे. दुरुस्ती करायची नाही, दुसऱ्याच्या चित्राशी तुलना करायची नाही, आणि पाच गुणांपैकी किती, हे तर मुळीच सांगायचे नाही.

संध्याकाळी त्याच वाटेने परतलो. ती मुलगी अंगणात नव्हती. कोंबड्यांनी माती उकरली होती आणि चित्राचा अर्धा भाग पुसला गेला होता. हंडा तेवढा शिल्लक होता. ते चित्र जपून ठेवायला हवे होते, असे काही वाटले नाही. ती उद्या दुसरे काढील. तिला शाळेत घातल्यावरही ती काढत राहावी, एवढी काळजी मात्र आपण घ्यायला हवी.