क्लॉक संकेत, इथरनेट जोडणीतील

सूक्ष्मनियंत्रक व केबलवर संकेत पाठविणारी ‘फाय’ चिप यांच्यातील माहितीची देवघेव ज्या नियमित विद्युत् स्पंदांच्या तालावर होते, त्या स्पंदमालेस क्लॉक संकेत म्हणतात. सेकंदास 100 मेगॅबिट वेगाच्या इथरनेटमधील ‘आरएमआयआय’ पद्धतीत प्रत्येक स्पंदाबरोबर दोन बिट जातात. म्हणून क्लॉकची कंप्रता 50 मेगॅहर्ट्‌झ असते. तीत दहा लाखांत 50 भागांहून अधिक फरक चालत नाही.

याच संकेतापासून फाय चिप केबलवरील प्रेषणासाठी 125 मेगॅहर्ट्‌झचा ताल तयार करते. साहजिकच मूळ स्पंदांच्या कडा मागेपुढे होत असतील, तर तो दोष केबलवरही उतरतो. यासाठी स्वतंत्र स्फटिक आंदोलक वापरणे श्रेयस्कर ठरते.

मुद्रित मंडलावर संकेत एका नॅनोसेकंदात सुमारे 15 सेंमी. जातो. स्पंदाची कड तितक्याच अल्प काळाची असल्यास काही सेंमी. लांबीच्या तांब्याच्या पट्टीच्या टोकाशीही संकेताचे परावर्तन होते आणि एका कडेच्या जागी दोन कडा वाचल्या जाऊ शकतात. म्हणून पट्टी आखूड ठेवतात, उगमाजवळ सामान्यतः 22 ते 33 ओहमचा रोधक एकसरीत जोडतात आणि पट्टीखालील भूसंपर्कित पत्रा अखंड राखतात. तो खंडित असल्यास परतीचा प्रवाह वळसा घेतो व संकेत बिघडतो.

हा दोष फसवा असतो. केबलच्या दोन टोकांच्या फाय चिपांमध्ये संपर्क जुळल्याने जोडणीचा दिवा लागतो. परंतु पडताळणीची संख्या न जुळल्यामुळे माहितीच्या चौकटी टाकून दिल्या जातात. अशा वेळी आज्ञावली तपासण्यापूर्वी दोलनदर्शकावर क्लॉक पाहणे इष्ट असते.