नागपूरकर भोसल्यांचा राणीवसा
राणीवसा म्हणजे राजवाड्यातील परपुरुषांना बंद असलेला स्त्रियांचा भाग. जपानच्या हेइआन दरबारातील स्त्रियांचे आयुष्यही असेच पडद्याआड जाई आणि मुरासाकी शिकिबूने ‘गेन्जी’ची कथा त्याच जगात राहून लिहिली. इकडे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात १८१८ मध्ये अल्पवयीन तिसऱ्या रघुजींचा सांभाळ दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाईंकडे आला, तरी कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रज प्रतिनिधी, जेंकिन्स पाहत असे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, हत्ती-घोडे लिलावात विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. तेव्हा सामान हलवल्यास वाडा पेटवून देण्याचा इशारा वृद्ध बाकाबाईंनी दिला. पडद्याआडच्या स्त्रियांना मूक समजणे अन्यायाचे ठरेल.